काडतूस भरण्याचीं घरगुती यंत्रें

गेल्या पावसाळ्यांत मुलुंड येथील एका संग्राहक गृहस्थांनीं एक शिसवी पेटी आमच्याकडे पाहण्यास आणिली. ह्या गृहस्थांचा संग्रह पोथ्यांचा व मोडी दप्तरांचा. बंदुकीशीं त्यांचा संबंध नाहीं. जुनें घर पाडून तेथें मजल्यांची इमारत उठावयाची म्हणून माळा रिकामा करितांना दप्तराच्या रुमालांशेजारीं ही पेटी निघाली. पितळेचें एक सरकतें माप, एक गुळगुळीत लांकडी दट्ट्या, टेबलाच्या कडेस आवळून बसवावयाचें व बाजूस दांडा असलेलें एक लहान यंत्र, धारदार तोंडाचा एक पोकळ ठसा, नमद्याच्या व कागदी चकत्यांच्या दोन डब्या आणि बारा बोअरच्या बंदुकीचीं कागदी अंगाचीं रिकामीं काडतुसें, इतका ऐवज आंत होता. पेटीबरोबर एक पत्रही होतें. गृहस्थांचे भाचे अमेरिकेंत असतात व तेथें नेमबाजीच्या हौसेखातर घरींच काडतुसें भरतात. त्यांनीं मामांस लिहिलें होतें कीं, एका वेळीं एकच क्रिया करणारें आपलें जुनें यंत्र आपण यंदा बाजूस ठेविलें व ज्यास तिकडे ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणतात तें क्रमवर्ती यंत्र घेतलें. जुनें यंत्र टाकून देण्यापेक्षां पणजोबांच्या पेटीशेजारीं शोभेल, तेव्हां पुढील खेपेस तें घेऊन येतों.

गृहस्थांचे प्रश्न तीन होते. पेटींतील वस्तु कोणत्या? भाच्यांनीं सोडलेलें यंत्र व घेतलेलें यंत्र यांचें ह्या वस्तूंशीं नातें काय? आणि तें यंत्र आणवावें कीं नाहीं? उपनगरांतील जुनीं घरें झपाट्यानें पडत आहेत आणि अशा पेट्या अंधेरी-बोरिवलीकडेही निघत असणार. म्हणून उत्तर येथें जरा विस्तारानें देत आहों.

आरंभीं एक सूचना. पेटींत एक गंजलेला पत्र्याचा डबाही होता. तो त्यांनीं सुदैवानें घरींच ठेविला होता. अशा डब्यांत काळी भुकटी किंवा तांब्याच्या बारीक टोप्या असण्याचा संभव असतो. असा डबा उघडूं नये, उन्हांत ठेवूं नये, ओतून पाहूं नये; आहे तेथें ठेवून जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावें. संग्राहकाची जिज्ञासा येथें आवरलीच पाहिजे.

आतां शब्दापासून आरंभ करूं. ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशु’ शब्दावरून मराठींत आला. पाव, चावी, काजू हे त्याचे सोबती. पोर्तुगीज शब्दाचें मूळ इटालियन, आणि इटालियन शब्दाच्या पोटांत ‘कार्ता’ म्हणजे कागद आहे. काडतूस म्हणजे मुळांत कागदाची सुरळी. मिसर देशांतील राजांचीं नांवें ज्या लांबट वेटोळ्यांत कोरलेलीं असतात त्यास ‘कार्तूश’ म्हणतात. तें नांव नेपोलियनच्या मिसर-स्वारींतील (१७९८–१८०१) फ्रेंच शिपायांनीं आपल्या तोसदानांतील काडतुसाशीं आकार जुळला म्हणून दिलें. आपलें ‘तोसदान’ मात्र फार्सी: तोशा म्हणजे प्रवासाची शिदोरी, ती ठेवावयाची पिशवी. ‘दारू’ हाही फार्सींत औषधाचा वाचक. तात्पर्य, १८ व्या शतकाच्या कागदांत ‘काडतूस’ आढळलें तर डोळ्यांपुढें पितळी नळी आणूं नये. ती कागदाची पुडीच होय. साष्टी बेट १७३७ पासून १७७४ पर्यंत मराठ्यांच्या ताब्यांत होतें. हल्लींचें अंधेरी, मालाड, घाटकोपर, मुलुंड हें सर्व त्यांतच आलें. त्या काळचे ठाण्याकडील किंवा वर्सोव्याकडील कागद वाचणारानें हें ध्यानांत ठेवावें.

पुडीपूर्वींची रीत ठासणीची. दारूच्या शिंगांतून अंदाजानें दारू नळींत ओतावयाची, गोळी सोडावयाची, गजानें ठासावयाची, कानावर रंजक घालावयाची. तोड्याच्या बंदुकीस हेंच व चकमकीच्या बंदुकीसही हेंच. प्रत्येक बार हा एक स्वतंत्र अंदाज. पुडीनें पहिली सुधारणा झाली ती ही कीं, मोजण्याचें काम रणांगणावरून घरांत आलें. दारू व गोळी आधींच मोजून कागदांत वळलेली. शिपायानें टोंक दांतांनीं फाडावें, दारू ओतावी, उरलेला कागद गोळीसह ठासावा. गारद्यांच्या पलटणींची गोळीबाराची गति ह्या पूर्वतयारीवर अवलंबून होती. दांतांनीं फाडण्याच्या ह्याच क्रियेवरून व कागदास लाविलेल्या चरबीवरून १८५७ सालीं काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ (१९०७ सालीं प्रसिद्ध) ह्या पुस्तकांतही काडतुसांची ती वार्ता आली आहे.

पुडीस कागद चिवट लागे, आणि चिवट कागद सर्वत्र जुन्या दप्तरांत सांपडे. फ्रान्समधील राज्यक्रांतींत, १७९२ नंतरच्या वर्षांत, मोडलेल्या संस्थांचीं चर्मपत्रें तोफांच्या दारूच्या पिशव्या करण्यासाठीं तोफखान्यांकडे धाडण्यांत आलीं. त्यांपैकीं कांहीं १९ व्या शतकांत शस्त्रागारांतून परत मिळविलीं गेलीं. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया प्रांतीं एफ्राटा येथील मठांत १७४८ सालीं छापलेल्या ‘मार्टर्स मिरर’ ह्या जाडजूड धर्मग्रंथाच्या न बांधलेल्या प्रती स्वातंत्र्ययुद्धांत काडतुसांसाठीं उचलून नेल्या. आपल्याकडे शोभेच्या दारूचीं नळकांडीं अजून रद्दीच्या कागदाचीं वळतात. जुन्नरी व दौलताबादी हातकागदाची चिवटाई ज्यांनीं बोटांनीं अनुभविली आहे त्यांस दारूवाल्यास तो कां प्रिय असेल हें सांगावयास नको. ह्या पेटीचाही ह्या प्रकरणाशीं संबंध निघाला. तो पुढें येईल.

पितळ आलें तें १८६० च्या सुमारास. इंग्रजी फौजेनें १८६६ सालीं स्नायडर बंदूक घेतली. तिचें काडतूस कर्नल बॉक्सर याचें. खडकी येथें दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालीं निघाला. पितळी पुंगळींत चार वस्तु एकत्र झाल्या: पुंगळी, बुडाशीं ठिणगी देणारी टोपी, दारू व गोळी. बार झाल्यावर टोपी, दारू व गोळी खर्च होतात. महाग असलेली पुंगळी मात्र शाबूत राहते. घरीं काडतूस भरण्याची सारी कला ह्या एका गोष्टींतून निघाली. शिकारीच्या बारा बोअरच्या बंदुकीची पुंगळी पितळी बुडाची व कागदी अंगाची असे, तीही दोन-चार वेळां चाले. (बारा बोअर म्हणजे नळीच्या व्यासाच्या शिशाच्या बारा गोळ्या एका पौंडांत बसतात, अंक वाढला कीं नळी बारीक होते. हें उलटें गणित नव्या वाचकांस नेहमीं चकवितें.)

आतां पेटींतील वस्तु. पितळी माप दारूचें व छर्ऱ्यांचें आहे. दांडी वर-खालीं सरकविली कीं माप लहान-मोठें होतें. त्यावरचे एका बाजूचे आंकडे ड्रॅमचे व दुसऱ्या बाजूचे औंसांचे. दट्ट्या दारूवर नमद्याची चकती दाबून बसविण्यासाठीं. दांड्याचें यंत्र पुंगळीची कागदी कड आंत वळवून छर्रे बंद करण्यासाठीं. धारदार ठसा हा चकत्या कापण्याचा. अशा वस्तूंवर पुष्कळदां डिक्सन किंवा हॉक्सली हीं शेफील्डच्या कारागिरांचीं नांवें असतात. पुंगळ्यांच्या बुडावरील अक्षरें तर कालनिर्णयाचें उत्तम साधन होत. नुसतें ‘ईली ब्रदर्स’ असेल तर माल जुना. त्यांचा धंदा १९१८ च्या एकीकरणांत गेला व पुढें १९२६ सालीं आय. सी. आय. मध्यें विलीन झाला, म्हणून ‘ईली-कायनॉक’ हें जोडनांव व आय. सी. आय. हीं अक्षरें त्यानंतरचीं. रायफलीच्या पितळी पुंगळीवर ‘के. एफ.’ हीं इंग्रजी अक्षरें असतील तर ती खडकीची. नाण्यावरील टांकसाळीची खूण ज्या काळजीनें वाचतों त्याच काळजीनें ही खूण वाचावी.

ह्या पेटीनें काम असें चाले: पन्नास पुंगळ्या ओळीनें मांडाव्या. प्रथम सर्वांच्या जुन्या टोप्या काढाव्या. मग सर्वांस नव्या बसवाव्या. मग सर्वांत दारू मोजून घालावी. मग चकत्या, मग छर्रे, शेवटीं कडा वळवाव्या. एका क्रियेची पूर्ण फेरी संपल्यावांचून दुसरी सुरू नाहीं. पावसाळ्यांत मुंबईच्या दमट हवेनें कागदी पुंगळ्या फुगत व नळींत अडकून बसत, म्हणून भातशेतांतील पाणलाव्यांच्या व खाडीवरील बदकांच्या शिकारीसाठीं थोडींच, लागतील तेवढीं भरण्याची रीत सोयीची होती. घाटकोपर-मुलुंडकडे शेतें व खाजण होतें त्या काळची ही गोष्ट; मुलुंड बृहन्मुंबईंत आलें तेंच १९५७ सालीं.

रायफल व पिस्तुलाच्या पितळी पुंगळीस आणखी एक क्रिया लागते. बाराच्या दाबानें ती फुगते, तिला साच्यांत दाबून मूळ मापावर आणावें लागतें. ह्यासाठीं अमेरिकेंत न्यू हेवनच्या जॉन बार्लो यानें १८८४ सालीं ‘आयडियल’ कारखाना काढून चिमट्यासारखें हत्यार विकावयास आणिलें. पुढें चिमट्याची जागा टेबलावर आवळलेल्या तरफेच्या दाबयंत्रानें घेतली. कॅलिफोर्नियांतील ओरोव्हिल येथील फ्रेड हंटिंग्टन याचा आर. सी. बी. एस. हा कारखाना १९४३ चा. भाच्यांनीं बाजूस ठेविलेलें यंत्र ह्या जातीचें: एक तरफ, एक साचा, एक पुंगळी. साचा बदलला कीं क्रिया बदलते. वस्तुतः पणजोबांच्या पेटीचाच हा लोखंडी अवतार. कामाचा क्रम तोच, फेऱ्या त्याच.

येथें टोपीविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. टोप्या दोन जातींच्या: अमेरिकन बर्डन याची व इंग्रज बॉक्सर याची. नशिबाचा खेळ असा कीं, बर्डनची टोपी युरोपांत रुळली व बॉक्सरची अमेरिकेंत. बॉक्सर पद्धतींत पुंगळीच्या बुडाशीं मधोमध एक भोंक असतें, त्यांतून सुई घालून जुनी टोपी सहज ढकलितां येते. बर्डन पद्धतींत भोंकें दोन, तीं बाजूस. सुई चालत नाहीं. घरीं पुंगळी भरण्याचा छंद अमेरिकेंत फोफावला व इतरत्र तितका फोफावला नाहीं, ह्याचें कायद्याखेरीज हेंही एक कारण होय असें आम्हांस वाटतें. आपल्या नेमबाजांस तर तो प्रश्न बहुधा पडतच नाहीं. त्यांचा सराव हवेच्या बंदुकीचा किंवा.२२ चा, आणि .२२ च्या पुंगळींत टोपी निराळी नसून ठिणगीचें द्रव्य कडेंतच भरलेलें असल्यामुळें ती पुन्हां भरतां येत नाहीं.

आतां क्रमवर्ती यंत्र. त्यांत साचा एक नसून चार-पांच असतात व ते वरच्या पट्टींत वर्तुळाकार बसविलेले असतात. त्यांच्याखालीं एक फिरतें चक्र; चक्राच्या प्रत्येक खांचेंत एक पुंगळी. तरफ एकदां खालीं ओढली कीं पहिल्या स्थानीं जुनी टोपी निघते व पुंगळी मापावर येते, दुसऱ्या स्थानीं दुसऱ्या पुंगळींत दारू पडते, तिसऱ्या स्थानीं तिसरीवर गोळी बसते, चौथ्या स्थानीं चौथीची कड आवळली जाते. नवी टोपी तरफेच्या परतीच्या हालचालींत बसते. चक्र एक घर पुढें सरकतें. चक्र भरल्यावर तरफेच्या प्रत्येक ओढीस एक पुरें काडतूस बाहेर पडतें. एकेरी यंत्रावर तासाला पन्नास-शंभर होत असतील तर येथें चारपांचशें होतात. सॅन डिएगो येथील ‘स्टार’ यंत्रें १९३० च्या दशकापासून प्रसिद्ध होतीं, परंतु तीं महाग. सामान्य हौशी माणसाच्या टेबलावर हें यंत्र आणिलें तें ॲरिझोनांतील माइक डिलन यानें, १९८० च्या दशकांत. त्याच्या एका प्रसिद्ध यंत्रांत चार स्थानें असून चक्र हातानें फिरवावें लागतें. पुढच्यांत पांच स्थानें व चक्र आपोआप फिरतें.

हा बदल केवळ वेगाचा, असें भाच्यांचें पत्र वाचून वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. एकेरी पद्धतींत दारू घालून झाल्यावर पन्नास पुंगळ्या उघड्या तोंडांनीं समोर उभ्या असतात. दिव्याखालीं एक नजर फिरविली कीं कोठें दारू जास्त, कोठें नाहीं, हें दिसतें. क्रमवर्ती यंत्रांत ती ओळच नाहीं. दारू पडलेली पुंगळी क्षणभर उघडी असते व पुढच्या ओढीस तिच्यावर गोळी बसते. पिस्तुलाच्या पुंगळींत हल्लींची दारू निम्म्याहून कमी जागा व्यापते, म्हणून चुकून दोनदां पडली तरी मावते आणि बाहेरून कांहीं कळत नाहीं. चक्र हातानें फिरवावयाचें असेल व मध्यें कोणी हांक मारली तर ही चूक सहज होते. उलट दारू मुळींच पडली नाहीं तर नुसत्या टोपीच्या जोरानें गोळी नळींत अर्ध्यावर अडकते व मागून दुसरी सुटली कीं नळी फुटते. म्हणून ह्या यंत्रांवर दारूची पातळी तपासणारें एक निराळें साधन बसवितात. पातळी चुकली तर तें घंटी वाजवितें किंवा तरफच अडवून धरितें. डोळ्याचें काम यंत्राकडे गेलें. नकलनवीस एकेक पान लिहून ताडून पाहात असे व मुद्रकाचा खिळा चुकला तर ती चूक हजार प्रतींत जाते, हा फरक पोथी व छापील ग्रंथ दोन्ही हाताळणाऱ्या आमच्या वाचकांस नवा नाहीं.

मापांचा एक धोका येथेंच सांगून टाकूं. पेटींतील मापावरील ड्रॅम हा काळ्या दारूचा, म्हणजे कोळसा, सोरा व गंधक यांच्या जुन्या मिश्रणाचा आहे. १८८४ सालीं फ्रान्समध्यें पॉल व्हिएय यानें धूरविरहित दारू सिद्ध केली; ती त्याच मापानें भरली तर बंदूक फुटते, कारण तिचा जोर वजनाच्या मानानें पुष्कळ अधिक. त्यामुळें पुढें पेट्यांवर ‘अमुक ड्रॅमच्या बरोबरीचें’ असें छापूं लागले. तेथें ड्रॅम हें वजन राहिलें नाहीं, उपमान झालें. एक ड्रॅम म्हणजे औंसाचा सोळावा हिस्सा, सुमारें २७⅓ ग्रेन; आणि ७००० ग्रेनांचा पौंड. १८३३ सालीं कंपनी सरकारनें ठरविलेला तोळा १८० ग्रेनांचा, तोच हा ग्रेन. जमाखर्चांत दारू तोळ्यांनीं व मापावर ड्रॅमांनीं आली तर मेळ असा घालावा.

आतां तिसरा प्रश्न. बंदुका व दारूगोळा परवान्याखालीं आणणारा १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र अधिनियम आला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आहे. ह्या अधिनियमाच्या कलम २ मध्यें दारूगोळ्याची व्याख्या आहे. तींत काडतुसें तर येतातच, परंतु दारूगोळ्याचे सुटे भाग व दारूगोळा तयार करण्याचीं यंत्रेंही येतात. कलम ५ अन्वयें दारूगोळा तयार करण्यास स्वतंत्र परवाना लागतो; २०१९ च्या दुरुस्तीनें शिक्षाही कडक झाल्या आहेत. तेव्हां अमेरिकेंत जें तरफेचें यंत्र दुकानांतून सहज उचलून आणितां येतें, तें आपल्याकडे कायद्याच्या दृष्टीनें स्वतःच दारूगोळा ठरूं शकतें. भाच्यांचा हेतु निर्मळ असला तरी विमानतळावर हेतूची तपासणी होत नाहीं. आम्हीं स्पष्ट सांगितलें कीं, यंत्र आणूं नये. छायाचित्र व मापें पाठवावीं, तेवढ्यानें संग्रहाचें काम भागतें.

जुन्या पेटीची गोष्ट थोडी निराळी आहे. कलम ४५ मध्यें कांहीं सवलती आहेत: जुन्या घाटणीचें, पुराणवस्तु म्हणून मोलाचें किंवा मोडलेलें शस्त्र, जें दुरुस्त करूनही चालणार नाहीं असें, तसेंच शस्त्रांचे वा दारूगोळ्याचे किरकोळ सुटे भाग, जे इतर पूरक भागांसह वापरण्याचा हेतु नाहीं असे. आपली वस्तु त्यांत बसते कीं नाहीं हें संग्राहकानें स्वतः ठरवूं नये. वस्तूंची छायाचित्रांसह यादी करून परवाना अधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करावी व उत्तर पेटींतच ठेवावें. गृहस्थांनीं तसें केलें आहे.

ह्यावरून एक ऐतिहासिक गोष्ट लक्षांत येते, ती आम्हांस महत्त्वाची वाटते. पुडी, पुंगळी, एकेरी यंत्र, क्रमवर्ती यंत्र ही मालिका अमेरिकेंत एकाच घरांत, पिढ्यानुपिढ्या, सलग चालली. आपल्याकडे ती घरांत मध्येंच तुटली. कारखान्यांतील काडतुसें, स्वातंत्र्यानंतर खडकीचीं ‘शक्तिमान’ काडतुसें, पेटीबंद मिळूं लागलीं. १९७२ च्या वन्यजीव अधिनियमानें शिकारीवर कडक निर्बंध आले. कायदा तर होताच. क्रमवर्ती पद्धत आपल्या देशांत कारखान्याच्या भिंतीआंत राहिली. म्हणून उपनगरांतील माळ्यावर निघणाऱ्या पेट्या एका विशिष्ट टप्प्यावर थबकलेल्या असतात, व त्यांत त्या टप्प्याच्या हातसवयी जशाच्या तशा सांपडतात. तुटलेल्या मालिकेंतील वस्तु जपणें म्हणूनच अधिक अगत्याचें.

ह्याचा पुरावा कागदी चकत्यांच्या डबींत मिळाला. छर्ऱ्यांवर बसविण्याच्या ह्या चकत्या विकतच्या नाहींत. दोन-तीन कागद खळीनें एकमेकांस चिकटवून ठशानें घरींच कापलेल्या आहेत, आणि कांहींच्या पाठीवर शाईचीं मोडी अक्षरें आहेत. पहिल्यानें गृहस्थांनीं त्या मुलांच्या खेळांतल्या समजून बाजूस काढिल्या होत्या. पणजोबांनीं शेजारच्या रुमालांतील बंद वापरले असावेत, अशी शंका आल्यावरून रुमाल उघडून पाहिला तों एका जमाखर्चाच्या मागील कांहीं पृष्ठांस गोल खिडक्या पडलेल्या. एका तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं ओलावा देऊन थर सोडविण्याचें काम सुरू आहे. आतांपर्यंत एकोणीस चकत्या आपापल्या खिडकींत परत बसल्या. भाताच्या खंडीचे आंकडे व दोन गांवांचीं नांवें लागलीं आहेत. सालाचा आंकडा जेथें असावयाचा तेथील चकती डबींत नाहीं.